दसऱ्यानंतर दारं कोण उघडणार?

वैजयंती, आज सकाळपासून मी एका जागी बसलेलो नाही. ऑफिसातला एसी लावला, बंद केला, खिडकी उघडली, झळ आत आली तशी लावून घेतली, पुन्हा एसी लावला. समोरच्या टेबलावरची पोरं एकमेकांकडे बघताहेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून गा अशोक, पिल्लं घेऊन फिरनाऱ्या मांजरीवानी काहून फिरून राहिला?" कालपासून तुझ्याशी बोलायचं आहे आणि बोलायची सोय उरलेली नाही, म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणजे तरी काय, दोन ओळी झाल्या की उठतोच आहे.

पेपरात तुझ्यावर दोन कॉलम आले. शिक्षण, पुरस्कार, पर्यावरणस्नेही वास्तुरचना वगैरे. सगळं खरं होतं आणि तू त्यात कुठेच नव्हतीस. फोटोही दहा वर्षांपूर्वीचा. तू किती भांडकुदळ होतीस हे कोणी लिहिलं नाही. नवतप्याच्या, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात, नागपूरकर दारं लावून आडवे होतात त्या वेळी, तोंडाला दुपट्टा बांधून साइटवर उभी राहणारी बाई त्यांना माहीत नव्हती. तेरवीला आलेले लोकही असंच पेपरातलं बोलत होते. मी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं आणि निघून आलो.

तू इमारती बांधायचीस आणि मी त्या थंड करायचो, असा लोकांचा समज. खरं म्हणजे इतकी वर्षं तू मला बोलवायचीस ते माझंच काम कमी करायला. मी वातानुकूलनाचा सल्लागार. नागपूरचा उन्हाळा जितका कडक तितकी माझी चंगळ. आणि तू टेबलावर नकाशा पसरून पहिलं वाक्य कोणतं बोलायचीस, तर "सांग, तुहं मशीन अजून किती लहान होईन?" दुसरा कोणी आर्किटेक्ट असता तर मी उठून गेलो असतो. तुझ्यापुढे बसून राहायचो आणि हिशेब करायचो. पश्चिमेच्या खिडक्या काढल्या तर इतकं कमी, छपरावर पांढरी फरशी लावली तर तितकं कमी, भिंत दुहेरी करून मधे हवा ठेवली तर आणखी कमी. शेवटी माझं मशीन निम्म्यावर यायचं आणि तू वर मला चहा पाजायचीस. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचीस. खोकला तुझा जायचा, धंदा माझा बसायचा.

तुझी ती भिंतीला हात लावायची सवय. कुठल्याही नव्या इमारतीत गेलीस की आधी पालथा हात भिंतीवर ठेवायचीस, पोराच्या कपाळावर ताप बघतात तसा. साहेब लोक तुला लॉबीतली इटालियन फरशी दाखवत असायचे आणि तू आपली कोपऱ्यातली भिंत चाचपत असायचीस. एका काचेच्या चकचकीत इमारतीत, जिला 'हरित' म्हणून बिल्ला मिळाला होता, तू काचेला हात लावलास आणि झटकन मागे घेतलास. मग त्या इमारतीच्या मालकाला शांतपणे म्हणालीस, "बिल्ला आतून लावा, बाहेरून पोळन." त्या माणसानं पुन्हा तुला काम दिलं नाही. मलाही नाही, कारण मी हसलो होतो.

पण आपलं खरं भांडण वेगळं होतं, आणि ते कामापेक्षा जुनं होतं. आमचं नंदनवन वस्तीतलं पहिलं घर दोन खोल्यांचं, वर पत्र्याच्या टिना. मे महिन्यात दुपारी त्या टिनांखाली बसणं म्हणजे काय हे ज्यानं काढलंय त्यालाच कळेल. आई जमिनीवर पाणी शिंपडायची, खिडकीवर ओली चादर टांगायची, आणि आम्ही भावंडं त्या ओल्या जमिनीवर उताणी पडायचो. पाणी वाळलं की पुन्हा शिंपडायचं. अभ्यास त्यातच. एसीचा इंजिनिअर व्हायचं हे मी त्या जमिनीवर पडून ठरवलं. तू वाढलीस जुन्या महाल भागात, हातभर जाड भिंतींच्या घरात. त्यामुळे तू "उन्हाशी जुळवून घ्यायचं" असं काही बोललीस की माझ्या डोक्यात जाळ व्हायचा. एकदा मी बोलूनच गेलो. "तुम्हा जाड भिंतीवाल्यांले उन्हाचं कौतुक. टिनाखाली बस एकदा, मंग सांग मले घाम चांगला असते म्हणून."

मला वाटलं, आता तू उलट दोन देशील. तू नकाशा गुंडाळलास आणि गेलीस. पुढच्या रविवारी भर दुपारी माझ्या दारात येऊन उभी. "चाल, दाखव तुह्या टिना." ती खोली अजून होती, धाकट्या भावानं तिचं गोदाम केलं होतं. तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. मी बाहेर कडुनिंबाखाली, आधी मजेत, मग काळजीत, मग दार ठोठावत. बाहेर आलीस तेव्हा चेहरा लालभडक, ओढणी अंगाला चिकटलेली. माठातलं पाणी प्यालीस, उरलेलं डोक्यावर ओतून घेतलंस. तुझ्या तोंडून माफी निघणार नव्हती आणि मला ती नकोही होती. तू फक्त विचारलंस, "आपल्या प्लॅनमंधी चौकीदाराची खोली कुठं राहते गा?"

कुठं राहते? गेटवर, उन्हात, पत्र्याखाली. सगळ्यांच्याच नकाशात तशी असते. त्या दिवसानंतर तुझ्या प्रत्येक कॅम्पसमध्ये पहिला थंडावा गेटवरच्या खोलीला आणि कॅन्टीनच्या स्वयंपाकघराला. साहेबाची केबिन त्यानंतर. "ज्याले उठून जाता येत नाही त्याले आधी," एवढंच तू म्हणायचीस. मालक लोक कुरकुरायचे, तू ऐकायची नाहीस. वैजू, या एका गोष्टीसाठी मी तुझा जन्मभराचा ऋणी आहे. माझी आई गेली तेव्हाही हे मला सांगायचं होतं, तू शेजारी बसली होतीस, पण तेव्हा जमलं नाही.

आता कालचं सांगतो. त्याआधी थोडं उठून येतो.

भंडारा रोडवर, मौद्याच्या अलीकडे, बोंद्रे साहेबांच्या सॉफ्टवेअर कंपनीचं कॅम्पस. तुझं शेवटचं काम. तिथून आभाळ मोकळं असलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि तू बोट दाखवून मला छळायचीस, "तू इथं बटन दाबतं, धूर तिथून निघते." नकाशात चार बुटक्या इमारती, मधे झाडांची अंगणं. पश्चिमेला जिने, संडास आणि सामानाच्या खोल्या, म्हणजे मावळतीचं ऊन त्यांनी खावं. कामाच्या खोल्यांना एसी, तोही माफक. आणि चारही इमारतींना जोडणारी तुझी लाडकी लांब गॅलरी. दोन्ही टोकांना सताड उघडी, वाऱ्याच्या बाजूला वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाण्याची बारीक धार, वर मोठाले पंखे. चहा, जेवण, पाहुणे, बारक्या मीटिंगा, सगळं त्या गॅलरीत. एसी नाही. "अर्धा दिवस मानूस खुर्ची सोडून फिरत राहते गा. मंग रिकामी खुर्ची काहून थंड करतं?"

मी पहिल्याच दिवशी म्हटलं, हे मे महिन्यात झकास चालेल. जुलै-ऑगस्टचं काय? पाऊस लागला, हवा दमट झाली की कूलर नुसती चिकचिक फेकतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपण नागपूरची माणसं उन्हाळ्याला इतकी भ्यालेली की घर बांधताना फक्त मे महिना बघतो आणि बाकीचं वर्ष देवावर सोडतो. तू एवढी शिकलेली, तीच चूक करत होतीस. माझं म्हणणं साधं होतं. गॅलरीच्या दोन्ही टोकांना घडीची दारं बसव. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने लावायची, एक लहान मशीन चालवायचं. दसरा झाला, हवा कोरडी झाली, की दारं उघडून टाकायची.

"दारं लावता येते गा," तू म्हणालीस. "उघडन कोण?"

मला तो प्रश्न वेडगळ वाटला. माणसं ठेवू, म्हटलं. तू मला गाडीत घातलंस आणि आपण दोघांनी पूर्वी केलेल्या एका ऑफिसात घेऊन गेलीस. हवेशीर म्हणून तू जिथे ओळीनं खिडक्या दिल्या होत्यास, त्या खिडक्या रंग देताना चौकटीला चिकटून गेल्या होत्या. डिसेंबरचा महिना होता, बाहेर गारवा होता, आणि आत माझा एसी चालू होता. बायका खांद्यावर शाली घेऊन काम करत होत्या. तू एक खिडकी ढकलून पाहिलीस, हलली नाही. "एकदा ती हवा लागली की दाराकडं कोनाचा हात जात नाही. तुहे दोन महिने बारा महिने होतीन, अशोक. तू मशीन देऊ नको, मी दार देत नाही."

दोन-तीन वर्षं हे असंच चाललं. फोनवर, साइटवर, माझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीत शेजारी बसून. तुझी भागीदार श्रुती आपल्यामधून पाण्याचा जग घेऊन जायची तेव्हाही आपण थांबायचो नाही. शेवटचं बोलणं एप्रिलच्या अखेरीस झालं. गॅलरीचा एक खण नमुना म्हणून बांधून झाला होता. तू म्हणालीस, "जुलैत ये. दोघं दिवसभर इथं बसू. मले घाम सहन नाही झाला तर दार देतो. कबूल." तू 'कबूल' हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा वापरलास. मी "पाहू" म्हटलं. ती गॅलरी मला आवडली होती. वारा ताट्यांतून यायचा तेव्हा वाळ्याच्या वासानं मी दोन मिनिटं एसीचा धंदा विसरायचो. हे बोललो असतो तर तू ते पुढची दहा वर्षं वापरलं असतंस, म्हणून नाही बोललो. मग आठवड्याभरात तू झोपेतच गेलीस. जुलै यायचा राहिला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी श्रुतीचा फोन. "सर, बोंद्रे साहेब म्हणतात, बाई होत्या म्हणून ऐकत होतो. आता ती गॅलरी काचेनं बंद करा आणि सगळंच एसी करा. गेटच्या खोलीला पंखा पुरे म्हणतात. तुमचा नवा हिशेब आणि सही लागेल." माझी सही झाली की काम संपलं. मी नाही म्हटलं तर शहरात सही करणारे पुष्कळ. माझ्या ऑफिसातल्यांचे चेहरे उजळले, मशीन केवढं मोठं होणार होतं. आणि मी, जो तुला इतकी वर्षं सांगत होतो की इथं मशीन लागेल, तो टेबलाभोवती फेऱ्या मारत राहिलो.

बोंद्रे वाईट माणूस नाही. मौद्याकडच्या खेड्यातला, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. पुण्या-हैदराबादच्या काचा बघून आला की त्याला आपली इमारत गावंढळ वाटते, एवढंच. मी त्याला फोन केला. सही करतो, पण मीटिंग साइटवर, दुपारी, नमुन्याच्या खणात. डबे तिथेच खायचे. तुझी पद्धत. तुझ्या हयातीत त्यानं ती प्रत्येक वेळी टाळली होती.

"सर, नवतपा लागला आहे. लोक घरातून निघून नाही राहिले. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून येऊ काय?"

"दोन ठेवा," मी म्हटलं. "एक माझ्यासाठी."

काल आला. गाडीतून उतरून गॅलरीपर्यंत चालला तेवढ्यातच त्याचा शर्ट भिजला. तोंडावरचा दुपट्टा सोडला, ताट्यांसमोर उभा राहिला. श्रुतीनं सतरंजी घातली. डबे उघडले, वांग्याची भाजी, ठेचा, पोळ्या. पहिल्या पोळीपर्यंत तो काचेबद्दल बोलत होता. दुसऱ्या पोळीला बोलणं थांबलं. मग त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि पाय फरशीवर टेकवले. श्रुतीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो, कारण मला हसू येत होतं आणि रडूही.

"बाईनं मले तीनदा बोलावलं होतं इथं," तो म्हणाला. "मी आलो नाही." मग सरळ माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही तर एसीवाले. तुमचा यात फायदा नाही. खरं सांगा, जुलैत असंच राहीन काय?"

वैजू, एक 'हो' म्हटलं असतं की तुझी गॅलरी जशीच्या तशी वाचली होती. श्रुतीचा घास हातात होता. मला तुझा राग आला, खरंच आला. हा प्रश्न तुझा होता. जुलैत घाम पुसत इथं बसून हरायचं किंवा जिंकायचं, हे तू कबूल केलं होतंस, आणि तू ते माझ्यावर टाकून निघून गेलीस.

"नाही राहणार," मी म्हटलं. "जुलैत इथं चिकचिक होईन. दोन महिने बसवणार नाही."

श्रुतीनं घास परत डब्यात ठेवला. खोटं बोललो असतो तर पहिल्याच ऑगस्टमध्ये त्यानं काच लावली असती आणि वर तुलाच शिव्या घातल्या असत्या. ते मला सहन झालं नसतं. म्हणून मग तेच बोललो जे तुला सांगून सांगून माझा घसा बसला होता. काच नको. दोन्ही टोकांना घडीची लाकडी दारं. पावसाळ्यापुरतं लहान मशीन. बाकी वर्षभर हे असंच, उघडं. आणि गेटच्या खोलीला हात लावायचा नाही, ती बाईंची आहे. हे शेवटचं मी जरा मोठ्यानंच बोललो असेन, कारण तो दचकला.

त्यानं विचार केला. पाय अजून फरशीवरच होते. मग म्हणाला, "चालन. काच कॅन्सल. गेटची खोली राहू द्या." श्रुती उठून ताटीच्या पलीकडे गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली.

मी जिंकलो होतो. तुझ्याशी ज्यासाठी भांडलो ते अक्षरशः तसंच मान्य झालं. आनंद व्हायला हवा होता. मी आपला डब्याचं झाकण लावत होतो, ते लागत नव्हतं. तेवढ्यात बोंद्रे बूट घालता घालता म्हणाला, "पण सर, एक सांगा. आमच्या पोट्ट्यांले एकदा एसी लागला की झालं. दसऱ्यानंतर हे दारं उघडन कोण?"

त्याला तू हे कधी बोलली नव्हतीस. मी श्रुतीला विचारून खात्री केली. त्याच्या स्वतःच्याच डोक्यातून आलं ते. म्हणजे तू बरोबर होतीस, वैजू. खेड्यातून आलेल्या, काचेच्या मागे लागलेल्या माणसालाही दिसतं ते मला इतकी वर्षं दिसलं नाही. मी तुला म्हणायचो माणसं ठेवू.

"मी येईन," मी म्हटलं.

"दरसाल?"

"दरसाल. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी."

तो हसला. मी थट्टा करतोय असं वाटलं त्याला. "सर, तुमचं वय काय?" म्हणाला आणि दुपट्टा बांधून गाडीकडे निघाला.

श्रुती आज दारांचा नकाशा पाठवते आहे. त्यावर सही मी करीन. इमारत पुढच्या वर्षी उभी राहील, पावसाळा येईल, दारं लागतील, मशीन चालेल, पोरं खूश होतील. मग दसरा येईल आणि मी जाईन. गुडघे दुखतात, पण जाईन. दारं ढकलीन, जड असतील, चिकटली असतील तर खांदा लावीन. आतली पोरं म्हणतील, कशाला उघडता सर, बरं चाललंय. त्यांना काय सांगायचं तेही मला तुझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय. फक्त इतकी वर्षं मी तुझ्या समोरच्या बाजूनं भांडलो, वैजू. आता तुझी बाजू घेऊन तिथं उभं राहायचं, आणि समोर तू नसणार.